रंगसंवाद : ‘हेही दिवस जातील’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे?

जुलै 2021

करोनामुळे आलेल्या बंदीच्या काळातले आपले प्रश्न रंगभूमीशी संबंधित वाचकांनी कळवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली असून लेखकांची नावे गाळली आहेत. मार्च 2020 च्या मध्याला राज्यातली नाट्यगृहे बंद झाली. 5 नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या मराठी रंगभूमी दिनी, ती निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. डिसेंबरपासून काही नाटकांनी प्रयोग लावले आणि एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप लागले. ही सारी पत्रे या दुसऱ्या कुलपानंतरची आहेत.

प्रश्न : माझे यजमान वीस-बावीस वर्षे व्यावसायिक नाटकांना बॅकस्टेज करत होते. गेल्या वर्षापासून ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. नाटकातली मंडळी अधूनमधून फोन करतात आणि ‘रंगभूमीने याहून वाईट दिवस पाहिलेत, धीर धरा’ असे सांगतात. हे हल्ली फोन उचलतच नाहीत. रंगभूमीने खरोखर याहून वाईट दिवस पाहिले आहेत का? आणि यांना मी काय सांगू? (कल्याण)

पाहिले आहेत, पण ते कसे निभावले हे सांगताना आपली मंडळी अर्धीच गोष्ट सांगतात. 12 मार्च 1911 रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले, ही कथा प्रत्येक नाट्यसंमेलनात निदान एकदा ऐकायला मिळते. तिच्यातल्या निष्ठेविषयी वाद नाही. मात्र तो प्रयोग होऊ शकत होता आणि तो करायचा की नाही एवढाच प्रश्न होता, हे आपण विसरतो. तुमच्या यजमानांपुढे तो पर्यायच नाही. ज्याला प्रयोग करण्याचीच बंदी आहे, त्याला ‘प्रयोग थांबता कामा नये’ हे बोधवाक्य ऐकवण्यात अर्थ नाही. उलट आपणच कुठे तरी कमी पडलो असे त्याला वाटू लागते.

आताच्या परिस्थितीशी जवळचा दाखला बोलपटांच्या आगमनानंतरचा आहे. 1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. थिएटरे चित्रपटांना भाड्याने गेली. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीत ज्यांचे जेवणखाणही कंपनीच्या भटारखान्यात होत असे, असे शेकडो लोक घराबाहेर पडले. यातले काही चित्रपटात गेले, काहींनी शिकवण्या धरल्या, कित्येकांचे पुढे काय झाले याची नोंदही नाही. तरीही 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले, 1942 मध्ये युद्ध आणि चळवळ दोन्ही पेटलेली असताना मो. ग. रांगणेकरांनी ‘कुलवधू’ उभे केले, आणि बापूराव पेंढारकरांच्या निधनानंतर थांबलेली ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी भालचंद्र पेंढारकरांनी चाळीसच्या दशकात पुन्हा चालू केली. म्हणजे रंगभूमी उठायला सुमारे दहा वर्षे लागली, आणि उठली तेव्हा आधी बसलेले सगळेच तिच्याबरोबर उठले नाहीत. हे सांगण्याचा उद्देश तुम्हाला निराश करण्याचा नाही. यावेळी कुणी मागे राहू नये असे वाटत असेल, तर काय करायला हवे ते या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीत आहे, एवढेच म्हणायचे आहे.

पडद्यामागच्या माणसाला पगार नसतो, नाइट असते. प्रयोग झाला तर त्या दिवसाचे पैसे, नाही तर काही नाही. नटाला मालिकेचे चित्रीकरण मिळू शकते, पण सेटच्या भिंतीचा कोणता फ्लॅट (चौकटीवर ताणलेला कॅनव्हास) कोणत्या फ्लॅटला अडकतो हे अंधारात हाताने ओळखणाऱ्या माणसाच्या कसबाला बाहेर बाजारच नाही. म्हणून यजमानांना आशेविषयी काही सांगण्याआधी त्यांना फोन करणाऱ्या मंडळींनाच तुम्ही दोन प्रश्न विचारा. पहिला, मार्च 2020 च्या आधीच्या काही नाइट्स बाकी आहेत का, आणि असल्या तर त्या कधी मिळणार? दुसरा, प्रयोग सुरू होतील तेव्हा हीच टीम घेणार की निम्म्या माणसांत भागवणार? या दोन्हींची सरळ उत्तरे ज्या निर्मात्याकडून येतील, त्याचा ‘धीर धरा’ ऐकण्यासारखा आहे.

वॉचमनच्या नोकरीविषयी त्यांना संकोच वाटत असेल, तर तो त्यांचा एकट्याचा नाही. या वर्षात रंगकर्मींनी भाजी विकली, डबे पोहोचवले, रिक्षा चालवल्या. प्रयोग सुरू झाले की रात्रपाळी बदलून मिळेल का, याची विचारणा त्यांनी आताच सोसायटीत करून ठेवावी; परतीची वाट उघडी ठेवण्याचा हा साधा मार्ग आहे. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, किंवा ते फोनच नव्हे तर माणसेही टाळत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा.

प्रश्न : आमची छोटी निर्मितीसंस्था आहे. चालू नाटकाचा सेट गोदामात पडून आहे आणि गोदामाचे भाडे दरमहा चढते आहे. सेट विकला तर नाटक संपल्यासारखे वाटेल, ठेवला तर आम्ही संपू. काय करावे? (ठाणे)

आधी गोदाम उघडा. हा प्रश्न तात्त्विक वाटत असला, तरी दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे अर्धे उत्तर निसर्गाने देऊन टाकलेले असण्याची शक्यता आहे. बंद गोदामात कॅनव्हासच्या फ्लॅटवर काळ्या ठिपक्यांची बुरशी चढते, चौकटीचे लाकूड पीळ घेते, प्लायच्या लेव्हल (रंगमंचावर मांडायचे चौथरे) थरांतून सुटतात, बिजागऱ्या गंजून एकमेकांत बसेनाशा होतात, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्लॅटमागे वाळवीने घर केले असेल तर ते हलवल्याशिवाय कळत नाही. कपडेपटाची ट्रंक सर्वांत आधी पाहा. जरीच्या साडीची घडी वर्षभर मोडली नसेल तर ती त्या रेषेवरच फाटते. केसांचे टोप प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील तर काढून कागदात गुंडाळा. उघडीप मिळेल त्या दिवशी दारे उघडून सगळ्याला वारा लागू द्या.

आता मूळ प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : भाडे आणि माणूस यांतले एकच परवडत असेल, तर सेट विका. नेपथ्यकाराचा आराखडा, मापे, रंगांचे नमुने आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे नीट जपली, तर सेट पंधरा-वीस दिवसांत पुन्हा उभा राहतो. तो लावणारी चार माणसे गावी निघून गेली आणि तिकडेच रुजली, तर ती पंधरा दिवसांत उभी राहत नाहीत. विक्रीतून येतील ते पैसे, थोडे असले तरी, त्या चौघांना पुढच्या प्रयोगांची आगाऊ रक्कम म्हणून द्या आणि वहीत तसे लिहा. ती मदत म्हणून देऊ नका. मदत घेणारा ओशाळा होतो. आगाऊ घेणाऱ्याचे परतणे गृहीत धरलेले असते.

एक गोष्ट मात्र विकू नका आणि हरवूही देऊ नका : प्रॉम्प्टिंगची संहिता. प्रकाशाचे, संगीताचे, पडद्याचे सगळे क्यू, म्हणजे इशारे, जिच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले असतात, ती प्रत बहुधा एकच असते. तिची आजच छायाप्रत काढा, आणि जे क्यू केवळ ऑपरेटरच्या डोक्यात आहेत ते त्याला फोन करून उतरवून घ्या.

विक्रीची लाज वाटत असेल, तर एक जुना दाखला देतो. लंडनमध्ये 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे नाट्यगृहे बहुतांश बंद होती. लॉर्ड पेम्ब्रोक यांच्या आश्रयाखालील मंडळी दौऱ्यावर गेली, खर्च निघेना म्हणून परतली, आणि त्यांना आपला कपडेपट गहाण टाकावा लागला, असे नाट्यगृहमालक फिलिप हेन्स्लो यांनी 1593 मधल्या पत्रात लिहून ठेवले आहे. मंडळी मोडली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये नट नव्या कंपन्यांत एकत्र आले. शेक्सपिअरने प्लेगच्या सुटीत काय काय लिहिले याच्या सुरस कथा गेल्या वर्षभरात फार फिरल्या. गहाण पडलेल्या कपड्यांची गोष्ट मात्र कुणी पुढे पाठवली नाही, आणि तुमच्या उपयोगाची तीच आहे.

प्रश्न : माझे वडील तमाशाच्या फडात ढोलकी वाजवतात. ‘रंगभूमीवरचे संकट’ म्हणून वर्तमानपत्रांत जे येते, त्यात पुण्या-मुंबईची नाट्यगृहे असतात. आमचे फड त्यात कुठे बसतात? आम्ही कशाच्या आशेवर राहायचे? (जुन्नर तालुका)

तक्रार रास्त आहे आणि ती या मासिकालाही लागू आहे. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस 25 मार्च 2020 हा होता. त्या दिवशी गुढीपाडवा होता. मुंबईच्या निर्मात्यासाठी तो बुधवार होता. नारायणगावात मात्र पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात, आणि चैत्र-वैशाखातली वर्षाची मुख्य कमाई त्या काही दिवसांत पक्की होते. त्या वर्षी ती पक्की झाली नाही. 2021 चा पाडवा 13 एप्रिलला आला आणि त्याच आठवड्यात राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. शहरातल्या नाटकाला मध्ये निदान डिसेंबर ते मार्च असे काही महिने मिळाले. जत्रांवर चालणाऱ्या फडाचे दोन्ही हंगाम जवळजवळ पूर्ण बुडाले. दक्षिण कोकण आणि उत्तर गोव्यातल्या दशावतारी मंडळ्यांचे, दिवाळीनंतर वडसा-देसाईगंज भागात रात्र-रात्र चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचे दुखणे याच जातीचे आहे : जिथे प्रयोग तिथीला बांधलेला असतो, तिथे चुकलेली तिथी पुढे ढकलता येत नाही.

याहून अवघड भाग उचलीचा आहे. पावसाळ्यात फड बंद असताना कलावंत फडमालकाकडून उचल घेतात आणि हंगामात काम करून फेडतात. फडमालकही ती रक्कम बहुधा सावकाराकडून व्याजाने आणतो. हंगाम बुडाला की कलावंत मालकाला बांधलेला राहतो आणि मालक सावकाराला. फडातली बहुतेक माणसे दलित आणि भटक्या समाजांतली आहेत, त्यांच्याकडे गहाण ठेवायला जमीन नसते. म्हणून तुमच्या वडिलांसारख्यांना ‘धीर धरा’ म्हणणे म्हणजे ‘व्याज चढू द्या’ म्हणण्यासारखे आहे.

आता हाताशी काय आहे ते पाहू. राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. तिच्यासाठी वयाची पन्नास वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. वडील वयात बसत असतील तर अर्ज करा. फडातले काम सिद्ध करणारा कागद बहुतेकांकडे नसतो. जत्रेची जुनी हँडबिले, यात्रा समितीचे पत्र, फडमालकाचा सही-शिक्क्याचा दाखला, जे मिळेल ते आता गोळा करा, कारण मदतीची पुढची कोणतीही घोषणा झाली तरी पहिली मागणी याच कागदांची होईल. पस्तिशीतल्या ढोलकीवाल्याला मात्र ही योजना काहीच देत नाही, आणि त्यासाठी भांडावे लागेल. शंभरावे नाट्यसंमेलन डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली मार्च 2020 मध्ये सांगलीत सुरू होऊन राज्यभर फिरणार होते, ते जुलै 2021 पर्यंत झालेले नाही. ते होईल तेव्हा पालख्या-दिंड्या थोड्या कमी करून फडांच्या उचलीसाठी बिनव्याजी निधी उभारण्याचा ठराव व्हावा, असे मला वाटते. शंभरीचा थाट त्याने कमी होणार नाही.

वडिलांचा रियाज चालू आहे का, हे तुम्ही लिहिले नाही. ढोलकीची शाई पावसाळी हवेत उतरते. वाद्य गुंडाळून माळ्यावर टाकलेले असेल तर खाली काढायला लावा. हंगाम उघडेल तेव्हा पुडी (तोंडावरचे कातडे) बदलायला पैसे लागू नयेत, एवढ्यासाठी तरी.

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी ‘पुरुषोत्तम’ ही महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा झाली नाही, यंदाही चिन्ह दिसत नाही. ऑनलाइन एकांकिका करण्यात कुणालाच रस वाटत नाही. आमच्या हातून हे गेले ते गेलेच ना? (पुणे)

स्पर्धक म्हणून कदाचित गेले. 1963 पासून चालत आलेल्या स्पर्धेत ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसा बसवण्याचे भाग्य प्रत्येकाला एका ठरावीक वयातच मिळते, आणि ते चुकल्याचे दुःख खोटे नाही. आयोजकांनी या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना एक वर्ष वाढवून द्यावे, अशी विनंती तुम्ही सर्व महाविद्यालयांनी मिळून करायला हरकत नाही.

मला चिंता वाटते ती तुमच्यापेक्षा तुमच्या मागच्यांची. महाविद्यालयातली नाट्यविद्या पुस्तकातून येत नाही. तृतीय वर्षाचा मुलगा लेव्हल उचलताना प्रथम वर्षाचा दुसरे टोक धरतो, त्यातून येते. आज दुसऱ्या वर्षाला असलेल्यांनी भरत नाट्य मंदिराची विंग आतून पाहिलेलीच नाही. तुम्ही उत्तीर्ण होऊन बाहेर पडलात की ही साखळी तुटेल. तेव्हा आठवड्यातून एकदा पाच-सात कनिष्ठांना घेऊन वाचन करा, फोनवर करा हवे तर. आणि नुसते संवाद वाचू नका, प्रकाशयोजना कागदावर काढून घ्या, एका तासात सेट लावून उतरवायचा तर कोण काय उचलेल याची यादी त्यांच्याकडून करून घ्या.

ऑनलाइनविषयी : ध्वनिमुद्रित नाटक घरबसल्या दाखवणे कंटाळवाणे होते, हे खरे. परंतु 2020 च्या जुलैमध्ये हृषीकेश जोशी यांनी ‘नेटक’ या उपक्रमातून ‘मोगरा’ सादर केले, तेव्हा कलावंत आपापल्या घरातून त्याच क्षणी अभिनय करत होते, तिकीट होते आणि वेळ पाळावी लागत होती. चुकले तर चुकले, ही नाटकातली जोखीम त्यात शाबूत होती. तुम्हाला रस वाटत नाही तो बहुधा जोखीम काढून टाकलेल्या प्रकारात.

प्रश्न : डिसेंबरमध्ये प्रयोग सुरू झाले तेव्हा मी गेलो नाही. घरात, शेजारी माणसे जात असताना विनोदी नाटकाला जाऊन हसायचे, हे मनाला पटेना. पुन्हा सुरू झाले तर जावे का? (नाशिक)

न जाण्यात काही चूक नव्हती. सावधगिरी हे कारण पुरेसे आहे. आशालता वाबगावकरांसारखी ज्येष्ठ अभिनेत्री सप्टेंबर 2020 मध्ये साताऱ्यात करोनाने गेली, तीही मालिकेच्या चित्रीकरणासाठी गेलेली असताना. लस, मुखपट्टी आणि तुमची प्रकृती यांचा विचार आधी करा. पटत नसेल तर तिकीट काढून घरी बसा. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागल्या तरी ट्रकचे भाडे निम्मे होत नाही.

हसण्याच्या अपराधीपणाविषयी मात्र वेगळे मत देतो. संकटात नाटक म्हणजे विरंगुळाच, हे समीकरण आपल्याकडे पूर्वी नव्हते. जुलै 1921 मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी ‘संयुक्त मानापमान’साठी मुंबईत एकत्र आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि तो प्रयोग पाहायला लोक हौसेने, नटूनथटून गेले. 1943 मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या ‘इप्टा’च्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) पथकांनी बंगालच्या दुष्काळासाठी गाणी आणि नाट्यप्रवेश करून पैसे जमवले. त्या प्रेक्षकांनी आनंद घेतला आणि फंडातही टाकले. यांतले एक केल्याने दुसरे खोटे ठरते असे त्यांना वाटले नसावे.

प्रश्न : आम्ही काही मराठी कुटुंबे अमेरिकेत आहोत. बॅकस्टेज कलाकारांना पैसे पाठवायचे आहेत. कसे पाठवावेत? (न्यू जर्सी)

भारतातल्या संस्थेला परदेशी नागरिकाकडून निधी घ्यायचा असेल, तर तिची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच यावी लागते. अनेक लहान नाट्यसंस्थांकडे ही नोंदणी नाही. तुमच्यापैकी ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम या कायद्याने परदेशी देणगी धरली जात नाही. तेव्हा आधी कुणाचा पासपोर्ट कोणता आहे ते पाहा, आणि संस्थेला नोंदणी क्रमांक विचारा. पैसे देताना ते कार्यक्रमासाठी, सत्कारासाठी किंवा स्मरणिकेसाठी वापरू नयेत, अशी अट लेखी घाला. शक्य असल्यास एकदा मोठी रक्कम देण्याऐवजी तीच सहा महिन्यांत विभागून द्या. किराणा दर महिन्याला भरावा लागतो.